उंबरा ओलांडल्याची भरपाई

पोलिसांनी कायदा मोडून एखाद्या घराची झडती घेतली आणि त्या झडतीत काही सापडले, तर ती वस्तू न्यायालयात पुरावा म्हणून चालते का? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर 'चालते' असे आहे, आणि ते जुने आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका पोस्टमनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की झडतीचे नियम पाळले नसतील तर परिणाम दोनच. ज्याच्या घराची झडती आहे तो विरोध करू शकतो, आणि जप्तीचा पुरावा न्यायालय जरा बारकाईने तपासू शकते. त्यापलीकडे काही नाही. १९७३ च्या डिसेंबरात पूरणमल खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्राप्तिकर खात्याच्या छाप्यांच्या संदर्भात हाच विचार पक्का केला: पुरावा खटल्याशी संबंधित असेल, तर तो कोणत्या मार्गाने हाती आला एवढ्यावरून तो बाद होत नाही. अमेरिकेने उलटी वाट धरली. तिथे १९६१ पासून राज्यांच्या न्यायालयांतही बेकायदा झडतीतला पुरावा बाहेर ठेवला जाऊ लागला. आपली वाट चुकलीच, असे माझे म्हणणे नाही. खुनात वापरलेला कोयता समोर असताना, झडतीचा कागद नीट लिहिला नव्हता म्हणून तो नाहीच असे समजायचे, हे पुष्कळांच्या न्यायबुद्धीला पटत नाही. पण ही वाट धरताना एक देणे मागे राहिले. पुरावा ठेवून घेतला, म्हणून घरात घुसल्याचा हिशेब मिटला असे होत नाही. तो हिशेब दुसऱ्या वहीत जातो, आणि ती वही म्हणजे नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. ज्या देशाने पुरावा बाद करायला नकार दिला, त्या देशात हा दावा सोपा, वेळेत निकाली निघणारा आणि सामान्य माणसाच्या आवाक्यातला असायला हवा होता. आपल्याकडे तो तसा नाही, आणि तो तसा का नाही हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वॉरंट नसताना पोलीस घरात शिरले म्हणजे ते बेकायदाच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६५ आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेऊ देते. मात्र त्यावर अटी आहेत. गुन्ह्याच्या तपासाला लागणारी वस्तू त्या जागी सापडेल असे मानायला सबळ कारण हवे. मॅजिस्ट्रेटकडे जाऊन वॉरंट आणण्यात नको तेवढा वेळ जाईल अशी स्थिती हवी. आणि ही कारणे, तसेच कोणती वस्तू शोधायची आहे हे, झडतीच्या आधी लेखी नोंदवलेले हवे. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित, तटस्थ पंच हवेत, घरातल्या माणसाला हजर राहू द्यायला हवे, जप्त मालाच्या यादीची प्रत त्याला मिळायला हवी. अटकेसाठी घरात शिरायचे असेल तर दार फोडण्याआधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून आत येऊ देण्याची मागणी करावी लागते. आत पडदा पाळणाऱ्या स्त्रिया असतील तर त्यांना बाहेर पडायला सूचना आणि सवड द्यावी लागते. नव्या संहितेने दोन गोष्टी वाढवल्या. झडतीचे आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करायचे, आणि नोंदवलेल्या कारणांची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. म्हणजे बेकायदा प्रवेश ओळखायचा तर 'वॉरंट होते का?' एवढे विचारून भागत नाही. 'कारण आधी लिहिले होते का, आणि ते खरे होते का?' हा त्याहून नेमका प्रश्न आहे.

कारण आधी लिहायचे, ही अट दिसते कारकुनी. ती तशी नाही. १९५९ साली राजस्थान सरकार विरुद्ध रहमान या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर अबकारी अधिकाऱ्यांनी तंबाखूसाठी घेतलेल्या झडतीचा प्रश्न आला. घरमालकाने त्यांना अडवले म्हणून त्याच्यावर खटला भरला होता. अधिकाऱ्यांनी झडतीची कारणे नोंदवलेली नव्हती. न्यायालयाने म्हटले, ही नोंद हा झडतीच्या अधिकाराचाच भाग आहे. ती नसेल तर झडती बेकायदा, आणि बेकायदा झडतीला अडवणे हा गुन्हा नव्हे. या निर्णयाचे मोल मोठे आहे. दार वाजवण्याआधी अधिकाऱ्याने स्वतःशीच विचार करावा, तो कागदावर उतरवावा आणि नंतर त्या कागदाला बांधील राहावे, ही कल्पना त्यामागे आहे. पण यातून मिळणारा उपाय मात्र फार तोकडा आहे. पहाटे चार वाजता दारात सहा-सात वर्दीतली माणसे उभी असताना 'कारणे नोंदवलीत का?' असे विचारून दार अडवून धरणारा गृहस्थ कुठे असतो? अडवले तर शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होतो, रात्र कोठडीत जाते, आणि झडती बेकायदा होती हे ठरायला वर्षे लागतात. विरोधाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात शोभतो. माणसाला खरा उपाय मिळायचा तर तो दुसऱ्या दिवशी, दिवसाच्या उजेडात, वकिलाच्या टेबलावर मिळायला हवा.

असा उपाय कसा दिसतो, हे पाहायला अठराव्या शतकातल्या लंडनला जावे लागते, कारण झडतीविषयीची आपली कायदेशीर समज तिथूनच वसाहतीच्या वाटेने आपल्याकडे आली. ११ नोव्हेंबर १७६२ रोजी नेथन कॅरिंग्टन आणि त्याचे तीन साथीदार, हे राजाचे दूत, जॉन एन्टिक या लेखकाच्या घरात घुसले. 'मॉनिटर' या सरकारविरोधी साप्ताहिकात तो लिहितो असा संशय होता. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्सचे वॉरंट त्यांच्याकडे होते. चार तास त्यांनी कुलपे, पेट्या, कपाटे उघडली आणि कागदपत्रांचे गठ्ठे उचलून नेले. एन्टिकने काय केले? त्याने या चौघांवर अतिक्रमणाचा दावा लावला. शेजाऱ्याने कुंपण ओलांडले तर जो दावा लावायचा, तोच. बचाव दोन होते: अशी वॉरंटे अनेक वर्षे काढली जात आहेत, आणि राज्याच्या सुरक्षेसाठी ती लागतात. १७६५ साली मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅम्डन यांनी दोन्ही बचाव फेटाळले. त्यांच्या विचाराचा गाभा असा, की दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकणारा प्रत्येक जण अतिक्रमणकर्ता आहे. आपल्याला तो अधिकार कोणत्या कायद्याने दिला हे त्यानेच दाखवायचे, आणि तो कायदा पुस्तकात सापडत नसेल तर तो नाहीच. ज्यूरीने ३०० पौंडांची भरपाई ठरवली. आज तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला शासनसत्तेच्या मर्यादा शिकवताना हा खटला शिकवतात. पण तो उभा राहिला तो एका माणसाच्या पैशाच्या मागणीवर, हे सहज विसरले जाते.

त्याच सुमाराचा हकल नावाच्या छापखान्यातल्या कामगाराचा खटला मला याहून बोलका वाटतो. जॉन विल्क्सच्या 'नॉर्थ ब्रिटन' या पत्राच्या ४५ व्या अंकाने सरकार चिडले आणि त्याने कुणाचेही नाव नसलेले सर्वसाधारण वॉरंट काढले. लेखक, छापणारे, विकणारे, जो सापडेल तो धरायचा. त्या धरपकडीत हकल सहा-एक तास ताब्यात राहिला. त्याला कुणी मारले नाही. उलट खायला मांस आणि प्यायला बिअर दिली. त्याची मजुरी आठवड्याला एक गिनी, म्हणजे पौंडाहून थोडीशी जास्त. ज्यूरीने त्याला ३०० पौंड दिले. ही रक्कम अवास्तव आहे, ती कमी करा, अशी मागणी झाली. न्यायाधीश तेच, पुढे लॉर्ड कॅम्डन झालेले प्रॅट. त्यांनी मान्य केले, की नुसती शारीरिक हानी मोजली तर कदाचित २० पौंड पुरले असते. पण ज्यूरीपुढे प्रश्न तेवढाच नव्हता. नाव नसलेल्या कागदाच्या जोरावर माणसाच्या घरात शिरणे हे एका मजुराच्या सहा तासांपुरते नुकसान नाही. रक्कम कायम राहिली. आपल्याकडे भरपाईचा विचार करताना इथेच गफलत होते. आपण विचारतो, तुटले काय? कुलूप, कपाटाची काच, फार तर धान्याचा सांडलेला डबा. त्याचे चारशे-पाचशे रुपये होतात आणि मग दावा लावण्यात अर्थ उरत नाही. भरपाई ही तुटलेल्या कुलपाची किंमत नाही. आपल्या घरात कुणाला घ्यायचे हे ठरवण्याचा जो हक्क मोडला गेला, त्याची ती किंमत आहे.

हा हक्क आपल्या राज्यघटनेत स्पष्ट शब्दांत यायचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत हक्कांचा जो मसुदा मांडला, त्यात अवाजवी झडती आणि जप्तीपासून माणसाचे, घराचे आणि कागदपत्रांचे संरक्षण करणारे कलम होते. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत याच आशयाची दुरुस्ती मांडली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ती घटनेत असणे उपयोगाचे ठरेल, अशी भूमिका घेऊन आंबेडकर ती स्वीकारायला तयार होते. सभेने ती फेटाळली. याचा परिणाम लगेच दिसला. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले, की अमेरिकी घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीसारखे कलम आपल्या घटनाकारांनी ठेवलेले नाही, मग ते ताणूनतुणून आत आणण्याचे कारण नाही. तरी १९६२ साली खरकसिंग खटल्यात घराचा उंबरा थोडा वाचला. उत्तर प्रदेशातल्या या माणसावर १९४१ साली दरोड्याचा संशय घेतला गेला, पुराव्याअभावी तो सुटला, पण त्याची हिस्ट्रीशीट उघडली गेली. मग चौकीदार आणि पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावत, त्याला उठवत, घरात शिरत. सर्वोच्च न्यायालयाने पाळतीचे बाकीचे नियम टिकवले, पण रात्री घरी जाऊन खातरजमा करण्याचा नियम रद्द केला, कारण तो कलम २१ मधल्या वैयक्तिक स्वातंत्र्यावर घाला घालत होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला आणि एम. पी. शर्मा व खरकसिंग या निर्णयांतला त्याला नाकारणारा भाग मोडीत काढला. म्हणजे जे १९४८ साली दारातून परत पाठवले ते जवळजवळ सत्तर वर्षांनी न्यायालयाच्या मार्गाने घटनेत आले. हक्काचा प्रश्न सुटला. प्रश्न राहिला तो उपायाचा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कायद्यात या अपराधाला नाव आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १४७ कायदेशीर अधिकाराशिवाय किंवा वाजवी कारणाशिवाय इमारतीत शिरणाऱ्या किंवा झडती घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा सांगते: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. पण त्याच अधिनियमाची कलमे १५९ आणि १६१ वाचली की दावा करणाऱ्याची उमेद खचते. १५९ म्हणते, कर्तव्य बजावताना सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल पोलीस अधिकारी भरपाईला जबाबदार नाही. १६१ म्हणते, कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृतीबद्दलचा दावा सहा महिन्यांच्या आत लावला पाहिजे, आणि त्याआधी नोटीस दिली पाहिजे. सरकारला प्रतिवादी करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी. याच्या शेजारी मुदतीचा सर्वसाधारण कायदा ठेवून पाहावा. शेजाऱ्याने तुमच्या जागेत अतिक्रमण केले तर भरपाईसाठी तीन वर्षे मिळतात. ज्याच्या हातात काठी, कोठडी आणि केस डायरी आहे, त्याच्याविरुद्ध मात्र सहा महिने. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली आत्माराम खटल्यात या कलमाला थोडी लगाम घातली: कबुलीसाठी मारहाण करणे आणि डांबून ठेवणे यांचा कर्तव्याशी काही संबंधच नाही, तेव्हा तिथे १६१ ची ढाल चालत नाही. झडतीच्या बाबतीत हा आधार अपुरा पडतो. मारहाण पोलिसाच्या कामात बसत नाही, झडती बसते. त्यामुळे बेकायदा झडती ही 'मर्यादा ओलांडून केलेले कर्तव्य' आहे, असे म्हणायला बचावाच्या वकिलाला वाव राहतो आणि दावा मुदतीच्या दारातच अडखळतो.

अधिकारी व्यक्तिशः सुटला तर सरकारने भरावे, हा पुढचा तर्कशुद्ध टप्पा. तिथे एक जुना निर्णय आडवा येतो आणि त्याची हकिकत मराठी वाचकाला जवळची आहे, कारण तो लिहिला होता सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. २० सप्टेंबर १९४७ रोजी मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफी पेढीच्या भागीदाराला संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि दोन मणांवर चांदी जप्त केली. चांदी परत मिळाली. सोने पोलिसांच्या मालखान्यातून हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात पळून गेला. पेढीने राज्य सरकारवर दावा लावला. कस्तुरीलाल खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला आणि तरी भरपाई नाकारली. अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार आहेत, ते बजावताना नोकराने केलेल्या चुकीला राज्य जबाबदार नाही, असा तो निर्णय. गजेंद्रगडकरांना हा निष्कर्ष स्वतःलाच समाधानकारक वाटला नव्हता, हे निकालपत्रात दिसते. याबाबत कायदा करावा असे त्यांनी सुचवले. त्याआधी १९५६ साली विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल याच विषयावर, म्हणजे राज्याच्या अपकृत्यजन्य दायित्वावर, दिला होता. १९६५ आणि १९६७ साली विधेयके आली. ती कायदा झाली नाहीत. ज्या न्यायमूर्तीने नाइलाजाने 'नाही' म्हटले त्याची विनंती आजही संसदेच्या दारात पडून आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इथे कायद्याचा जाणकार वाचक अडवेल: रिट याचिकेतून भरपाई मिळतेच की. ते खरे आहे, आणि त्याचे श्रेय मोठे आहे. १९८३ साली सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने रुदुल शाह या बिहारच्या माणसाला ३५,००० रुपये दिले. १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही तो १९८२ पर्यंत तुरुंगातच होता. १९८५ साली काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना बेकायदा अटकेबद्दल ५०,००० रुपये मिळाले. १९९३ साली नीलाबती बेहेरा खटल्यात कोठडीत मेलेल्या तरुणाच्या आईला दीड लाख रुपये देताना न्यायालयाने स्पष्ट केले, की मूलभूत हक्काचा भंग असेल तिथे सार्वभौम अधिकाराचा बचाव लागू होत नाही. कस्तुरीलालची धार यामुळे बोथट झाली, यात वाद नाही. पण या यादीकडे पुन्हा पाहावे: चौदा वर्षांचा तुरुंग, आमदाराची अटक, कोठडीतला मृत्यू. रिटमधली भरपाई न्यायालयाच्या विवेकावर असते आणि ती ठळक, उघड, धक्कादायक भंगासाठी राखून ठेवली जाते. 'पोलीस आले, कपडे-भांडी विस्कटून गेले, शेजारपाजाऱ्यांसमोर बायकांना बाहेर उभे केले', ही तक्रार त्या मापाने लहान ठरते. शिवाय पोलीस प्रतिज्ञापत्रावर घटनाच नाकारतात. मग उच्च न्यायालय सांगते, तथ्यांचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा. आणि दिवाणी न्यायालयाच्या दारात तेच सहा महिने आणि तीच नोटीस उभी असते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप पोलिसांच्या बाजूचा आहे आणि तो झटकून टाकू नये. तपास अधिकाऱ्याला काही वेळा तासाभरात निर्णय घ्यावा लागतो. पळवलेले मूल, शस्त्रांचा साठा, जाळले जाणारे कागद यांना वॉरंटची वाट पाहता येत नाही. प्रत्येक चुकलेल्या झडतीमागे दावा लागणार असेल तर अधिकारी उंबऱ्यापाशीच थांबेल, आणि त्याची किंमत पीडिताला मोजावी लागेल. हा आक्षेप खरा आहे तो अधिकाऱ्याच्या खिशाबाबत, राज्याच्या दायित्वाबाबत नाही. हा फरक स्पष्ट व्हायला युरोपातले एक प्रकरण उपयोगी पडते. १९९९ साली लिव्हरपूलमध्ये पोलिसांनी सकाळी सातच्या सुमारास एका कुटुंबाचे दार फोडले. त्यांच्याकडे वॉरंट होते, पण ते हवे असलेल्या माणसाच्या जुन्या पत्त्याचे. नवे कुटुंब तिथे काही महिन्यांपूर्वीच राहायला आले होते आणि त्याची चौकशी नीट झाली नव्हती. इंग्रज न्यायालयांनी भरपाई नाकारली, कारण पोलिसांच्या मनात आकस नव्हता. २००६ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने म्हटले, आकस नव्हता हे खरे, पण घर तर त्या निरपराध कुटुंबाचेच फुटले. जरुरीपेक्षा जास्त हस्तक्षेप झाला आणि त्यावर देशात परिणामकारक उपाय नव्हता, म्हणून हक्काचा भंग झाला. यातून एक सरळ व्यवस्था सुचते. अधिकारी सद्भावनेने वागला असेल तर त्याच्याकडून काही वसूल करू नये. कलम १५९ तिथे योग्य आहे. पण राज्याने मात्र सद्भावनेची ढाल घेऊ नये. समाजाच्या सुरक्षेसाठी घाईचा धोका पत्करायचा असेल, तर त्या धोक्याचा भार ज्याच्या दारावर तो चुकून कोसळला त्या एका घराने का सोसावा? तो सर्वांनी वाटून घ्यायचा, आणि तिजोरी त्यासाठीच असते.

'मग हा करदात्याच्या पैशाचा चुराडाच', असे दुसरा आक्षेप म्हणतो. इंग्लंडमध्ये १९६४ पासून कायद्याने पोलिसांच्या अपकृत्यांसाठी त्या-त्या दलाचा प्रमुख जबाबदार धरला जातो आणि रक्कम पोलीस निधीतून जाते. त्यामुळे कोणत्या दलाच्या झडत्या वारंवार महागात पडतात हे हिशेबाच्या वहीत दिसते, आणि वरिष्ठांना प्रशिक्षणाची गरज दिसते. ज्या चुकीची किंमत कुठेच लिहिली जात नाही ती चूक फुकट नसते. ती त्या घराच्या नावावर लिहिलेली असते, एवढेच. खात्यांतर्गत शिस्तीवर विसंबून राहावे असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. प्रकाशसिंग खटल्यातल्या २००६ च्या आदेशानंतर महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरण आले, ते चांगलेच झाले. पण त्याचे काम चौकशी आणि शिफारशीचे. वेतनवाढ रोखल्याने अधिकाऱ्याला धडा मिळेल, घराला काही मिळत नाही.

तिसरा आक्षेप कुणी जाहीरपणे मांडत नाही, पण तो सर्वांत खोल आहे: भल्या माणसाच्या घरी पोलीस कशाला जातील? दावा करणारे बहुधा गुन्हेगारच असतील. खरकसिंगचा खटला याला पहिले उत्तर आहे; घराच्या संरक्षणाचा आपला पहिला मोठा निर्णय एका हिस्ट्रीशीटवाल्याने मिळवला. दुसरे उत्तर महाराष्ट्राच्या माळरानावर आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे ही सवय रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त पोलिसांच्या झडत्या हा लहानपणाचा नेहमीचा भाग म्हणून येतो. पालाला दार नसते, कडी नसते. म्हणून तिथे शिरताना काही ओलांडले असे शिरणाऱ्याला वाटतही नाही. कायद्याच्या भाषेत मात्र कलम १४७ ने इमारतीबरोबर तंबूचाही उल्लेख केला आहे. तंबू हे घर आहे, हे १९५१ च्या आमदारांना मान्य होते. ज्या वस्तीत वॉरंट नसलेली झडती सर्वांत जास्त होते, तिथेच वकील, नोटीस, कोर्ट फी आणि तारखा परवडत नाहीत. दावा सोपा करायचा तो अशा घरांसाठी. ज्याच्याकडे बंगला आणि वकील आहे, त्याच्या दारी पोलीस बहुधा कारण लिहूनच येतात.

नव्या संहितेने नकळत एक जमेची गोष्ट केली आहे. आजवर बेकायदा प्रवेशाच्या दाव्यात पुराव्याचाच दुष्काळ असे: पंच पोलिसांचे ओळखीचे, पंचनामा ठाण्यात बसून लिहिलेला, आणि घरच्यांचा शब्द एवढेच समोर. आता चित्रण असायला हवे. ते नसेल तर का नाही याचे उत्तर पोलिसांनी द्यायचे. नोंदवलेली कारणे ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे गेली की ती नंतर बदलता येत नाहीत, आणि कलम १८५ नुसार घरमालकाने किंवा घरात राहणाऱ्याने अर्ज केल्यास मॅजिस्ट्रेटने त्याची प्रत विनामूल्य द्यायची आहे. झडती झालेल्या घराने पहिल्याच आठवड्यात करायचे काम हेच: हा अर्ज, जप्तीच्या यादीची प्रत, चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी, आणि त्याच दमात दोन महिन्यांची नोटीस. कारण सहा महिन्यांचे घड्याळ झडतीच्या दिवसापासून चालू होते आणि ते कुणासाठी थांबत नाही. प्रत्यक्षात बहुतेक घरांचे उलटेच होते. झडतीपाठोपाठ घरातल्या कुणावर खटला भरला जातो, आणि वकील सांगतात, आधी त्यातून सुटा, मग पोलिसांचे बघू. सल्ला व्यवहारी आहे. अंगावर खटला असताना पोलिसांवर दावा लावायची हिंमत कोण करतो? तो खटला चार वर्षे चालतो, सहा वर्षे चालतो. शेवटी माणूस निर्दोष सुटतो, निकालपत्रात झडती संशयास्पद होती असे एक वाक्य येते, आणि ते वाक्य हातात घेऊन तो दिवाणी वकिलाकडे जातो तेव्हा मुदत केव्हाच संपलेली असते. विधानसभेला या विषयात एकच दुरुस्ती करायला सवड असेल तर ती इथे करावी: कलम १६१ मधली दाव्याची मुदत शेजाऱ्यावरच्या दाव्याइतकीच, तीन वर्षांची करावी, आणि त्याच झडतीतून फौजदारी खटला उभा राहिला असेल तर ती त्या खटल्याच्या निकालापासून मोजावी.